पांढरी चारचाकी, नंबर माहीत नाही

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता तारखेसकट विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो. सोलापुरातल्या एका गल्लीतलं गाड्या लावण्याचं भांडण मात्र अजून विसरता आलेलं नाही. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. वडील मार्केट यार्डात हमाल होते आणि मी बी.ए. होऊन, परीक्षा देऊन फौजदार झालो. त्यामुळे कागद लिहिण्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. मी घेतलेल्या जबाबात वकिलाला बोट ठेवायला जागा सापडत नसे.

ठाण्याच्या पायऱ्या रोज चढणारी माणसं चोऱ्या-माऱ्यांचीच असतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. शेजाऱ्यानं दारात गाडी लावली, शेजाऱ्याच्या झाडाचा पाला बोनेटवर पडतो, बारमधून निघालेले लोक आमच्या भिंतीला उभे राहतात, अशाच तक्रारी जास्त. ठाणे अंमलदार दोघांनाही दम देतो, अदखलपात्र नोंद करतो आणि घरी पाठवतो. आठवड्यानं तीच माणसं परत येतात.

या गल्लीच्या तोंडाला एक परमिट रूम होती. गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली गल्लीत दोन्ही बाजूंनी लागायच्या, रविवारी तर सकाळपासूनच. रहिवाशांनी अर्ज दिला. त्यावर पहिली सही एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराची होती. गिरणी बंद पडून वर्षं झालेली, मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, घर बारपासून चौथं. गेटवर लाल रंगानं लिहिलेलं, 'गेटसमोर गाडी लावू नये'. तरी लागायचीच.

एका रविवारी सकाळी अकराला मी दोन्ही बाजूंची बैठक घेतली. जागा म्हणून बारमालकानं वरचा हॉल दिला. "वर फॅन चांगलेत साहेब, ठाण्यात कुठं दाटीवाटीनं बसता," म्हणाला. दहा-बारा रहिवासी आले. पहिली सही करणारे म्हातारबाबा आले नव्हते. बैठक तासभर चालली. चर्चा चांगली झाली, माझं बोलणं लोकांना पटलं, असं मला वाटलं.

खाली उतरलो तर चौथ्या घरापुढे बायका जमलेल्या. म्हातारबाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलंय, असं कुणीतरी सांगितलं. "काही लागलं तर ठाण्यात कळवा," असं म्हणून मी बारच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीत बसलो.

चार दिवसांनी त्यांचा मुलगा अर्ज घेऊन आला. डोक्याचे केस काढलेले. अर्ज सहा ओळींचा होता. वडिलांना नेण्यासाठी घरातली गाडी काढायला गेलो, तर गेटसमोर एक पांढरी चारचाकी कुलूप लावून उभी होती. ढकलता आली नाही. वडिलांना खुर्चीत बसवून मोटारसायकलींच्या मधून वाट काढत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षा केली. दवाखान्याच्या दारात ते वारले. शेवटची ओळ होती, 'गाडीचा नंबर माहीत नाही. तपास करून मालक शोधावा.'

मी पेटलो. मी वर बसलेलो असताना खाली गेट अडवायची हिंमत कुणाची झाली? अर्ज चौकशीवर घेतला आणि हवालदाराकडे न देता स्वतःकडे ठेवला.

गल्लीत फिरलो. समोर पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला विचारलं, "गाडी कसली होती?"

"पांढरी हुती साहेब."

"कंपनी कुठली? नंबर?"

"दिवसभर डोळ्यात पीठ जातंय की साहेब. आमाला समदंच पांढरं दिसतंय."

शेजारची शिंपीण म्हणाली, मशीनवर मान खाली असते. तिची सासू तेलुगूत तिला काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणाल्या? "काय न्हाय, पानी द्या म्हंत्यात तुमाला." बारमालकाला कॅमेऱ्याचं विचारलं. तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "त्याच दिवशी बंद पडला बघा साहेब." एरवी हा माणूस फुटलेल्या ग्लासाचंही चित्रण घेऊन ठाण्यात यायचा.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस बोलला, बारमध्ये बाटल्यांच्या पेट्या टाकणारा पांढरा टेम्पो नेहमी त्याच गेटपुढं लागतो. मला तेवढं पुरलं. टेम्पोवाल्याला सकाळी नऊला आणून बाकावर बसवला.

तपासाची माझी एक पद्धत होती. संशयिताला आधी काहीच विचारायचं नाही. ठाण्यात नुसतं बसवून ठेवायचं. फोन वाजतात, कैदी कोर्टात जातात, आणि बसलेला माणूस आतल्या आत वितळतो. दुपारपर्यंत तो स्वतःच बोलायला लागतो. हा वितळला नाही. दुपारी चिडून मी त्याला आत घेतला.

"साब, मैं उस रोज अक्कलकोटकु माल लेके गया था. सेठकु पूछो, नाके पे पूछो."

"शेठ तुझाच आहे. तो तुझ्या बाजूनंच बोलणार."

"तो गलीवालों कु पूछो ना."

"त्यांना विचारलं. कुणी काही बघितलं नाही म्हणतात."

तो हसला. ठाण्यात बसलेला माणूस असा हसत नाही. म्हणाला, "साब, बारा घर का गली है. बारा के बारा चुप. मेरेसे डरते क्या वो लोगां? मैं टेम्पोवाला! मेरेकु तो वो गिरणीवाला रोज गाली देता. तुमीच सोचो, किसकु डरे होंगे."

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिलो. गल्ली बारमालकाला भीत नव्हती, त्याच्याविरुद्ध तर तिनं सह्या करून अर्ज दिला होता. गिरणीवाला, शिंपीण, बारमालक, एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं एकच उत्तर देत होती. आणि उत्तर देताना गल्लीतले बरेचजण एकदा माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मागं आमची सरकारी गाडी उभी असायची. पांढरी.

मी गाडीचं लॉगबुक मागवलं. त्यात त्या रविवारी ठाणे ते गल्ली, थांबा, परत ठाणे, एवढंच होतं. चालक हवालदाराला बोलावलं, दार लोटून घेतलं.

"रविवारी मी वर गेल्यावर गाडी कुठं लावलीस?"

तो बूट बघायला लागला. "साहेब, जागाच न्हवती. बारच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लागल्या हुत्या. एक गेट तेवढं रिकामं हुतं."

"आणि तू?"

"नाक्यावर च्या प्यायला गेल्तो. आलो तर ते म्हाताऱ्याला खुर्चीत घालून नेत हुते. मग गाडी काढून बारच्या दारात लावली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाय की साहेब." मग म्हणाला, "रिटायरला चार म्हयने ऱ्हायल्यात. पोरीचं लगीन हाय."

टेम्पोवाल्याला सोडलं. दिवसभर बसवल्याबद्दल माफी मागितली. "होता है साब," म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या घरी गेलो. गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवली, चालकाला आत बसून राहायला सांगितलं आणि चालत गेलो. मुलगा घरीच होता, त्याची आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, "ती गाडी आमची होती. माझी."

कुणी दचकलं नाही. मुलगा म्हणाला, "माहीत आहे साहेब."

"मग अर्जात का नाही लिहिलं?"

"पोलिसाच्या गाडीविरुद्ध लिहिलं असतं, तर तुमच्या अंमलदारानं अर्ज घेतला असता का? हाच कागद हातात घेऊन मी अजून व्हरांड्यात उभा असतो. म्हटलं, मालक शोधा असं लिहू. साहेब लिहिण्या-वाचण्यातला माणूस आहे म्हणतात. बघू शोधतो का."

अंमलदारानं अर्ज घेतला नसता, हे त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं.

मी म्हातारीला विचारलं, "मावशी, मी वरच होतो. एक हाक मारायची."

"आल्ते की," ती म्हणाली. तांदळातून मान वर केली नाही. "जिन्यात तुमचा पोलीस उभा हुता. त्याला म्हनलं, साहेबास्नी भेटायचंय. त्यो वर जाऊन आला. म्हनला, मिटिंग चालू हाय, साहेब बसायला सांगत्यात."

"मग?"

"मग बसले. पायरीवर. तुमी सांगितलं म्हनून बसले. पोरगा हाका मारायला लागला तवा उठले."

तेव्हा मला आठवलं. बैठकीच्या मध्येच शिपाई आत डोकावला होता. खाली एक बाई आलीय, भेटायचं म्हणते, असं तो म्हणाला होता. कोण, कशासाठी, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मी समोरच्या कागदावरून नजर न काढता म्हणालो होतो, बसायला सांग. दिवसातून वीसदा मी ते वाक्य बोलत होतो. तपासाची पद्धतच ती.

तिचा जबाब मी तिथंच, माझ्या हातानं लिहिला. वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाली. अंगठा घेताना मी तो घाईनं दाबला, म्हणून ठसा थोडा पसरला. माझ्या पूर्ण नोकरीतला तो एकच जबाब असेल जो बघायला सुबक नाही.

अहवाल लिहिला आणि चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी म्हणून वर पाठवला. गाडी कुणाची, चालक कुठं होता, बाई किती वेळ बसली, कुणी बसवली, सगळं लिहिलं. वरिष्ठांचा फोन आला. "एवढं खोलात जायची गरज होती का? वाहन निष्पन्न झाले नाही, एवढ्यावर मिटलं असतं."

"साहेब, निष्पन्न झालंय," मी म्हणालो.

"तुमच्या चालकाचा तरी विचार करायचा."

तो केला होता. चालकाची पेन्शन चौकशीत अडकली, पोरीचं लग्न लांबलं. तो मला आजही रस्त्यात भेटला तर ओळख देत नाही. मला सक्त ताकीद मिळाली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी लेखी दिलं की, रुग्ण वेळेत आला असता तरी वाचला असता असं खात्रीनं सांगता येत नाही. त्या एका वाक्यावर गुन्हा होत नाही असं ठरलं आणि प्रकरण दप्तरी दाखल झालं. मी ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं. त्यात मेला असताच, असंही लिहिलेलं नाही.

पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं मी दोन गोष्टी केल्या. चालकानं गाडी सोडून जायचं नाही. आणि दारात आलेल्या माणसाला बसायला सांगण्याआधी काय काम आहे ते विचारायचं, मग आत कुणीही असो. नवीन पोरं हसायची, साहेबांना खूळ लागलंय म्हणायची. कारण मी कधी सांगितलं नाही. ज्या गल्लीत कुणालाच काही दिसलेलं नसतं तिथं आधी स्वतःची गाडी कुठं उभी होती ते बघावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण ज्याला शिकवायला एक माणूस जावा लागतो, त्यानं आपल्या शहाणपणाबद्दल फार बोलू नये.

चौकशीचा निकाल अर्जदाराला कळवावा लागतो. टपालानं पाठवता आला असता. मी स्वतः घेऊन गेलो. मुलगा कामावर होता. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. कार्यालयीन मराठी, तिला त्यातलं फारसं कळलं नसावं. संपल्यावर तिनं विचारलं, "साहेब, त्या दिवशी मिटिंगीत काय ठरलं ओ?"

मला क्षणभर कळेना ती काय विचारतेय. इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"तुमच्या गेटपुढं कुणी गाडी लावायची नाही, असं ठरलं," मी म्हणालो.

"समद्यांनी मान्य केलं?"

"सगळ्यांनी. सह्या आहेत."

"मंजी त्यांचं काम झालं की," ती म्हणाली. नवऱ्याच्या फोटोकडं बघून, टोमणा न मारता, खरंच समाधानानं म्हणाली. मग चहा ठेवते म्हणून आत गेली, आणि जाता जाता मला म्हणाली, "बसा की साहेब."

मी उभाच राहिलो.