अधिक-वजाची दोन पुस्तकं

पुस्तकं मीच निवडली होती, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कोणी नाही.

मी आणि माझी मैत्रीण तिरोड्याच्या एकाच वस्तीतल्या. एम.एस्सी.ला गोंदियाला रोज एकाच गाडीनं जायचो. शाळेपासून आमची रीत ठरलेली: दोघींनी एकच पुस्तक घ्यायचं नाही. तू एक घे, मी दुसरं घेते, रविवारी अदलाबदल. पीएच.डी.च्या मुलाखतीत व्यापक सापेक्षता विचारणार असं कळलं, तेव्हाही मी मोठ्या शहाणपणानं नागपूरहून दोन वेगवेगळी पुस्तकं आणली.

आता एका पुस्तकात काळाला वजा चिन्ह आणि अवकाशाला अधिक, तर दुसऱ्यात नेमकं उलट. दोन्ही बरोबर. एक कोणतं तरी धरून शेवटपर्यंत चालायचं, एवढंच. सुरुवातीच्या पानांवर तसं लिहिलेलं असतं, पण ती पानं कोण वाचतं? मी वाचली. माझ्या वहीत टिपूनही ठेवलं. तिला सांगितलं नाही.

विसरले, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. साफ खोटं आहे ते. शाळेपासून तिचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. ती पहिल्यांदाच अडखळत होती आणि मला बरं वाटत होतं. आग लागो त्या बरं वाटण्याला.

एका रविवारी पुस्तक बदलायला आली, तर ओट्यावर नुसतीच बसून राहिली. एका पुस्तकातून गणित सोडवायची आणि अदलाबदल झाली की दुसऱ्यात ताळा पाहायची, की चिन्ह उलटं.

"मले नाही जमून राहिलं," ती म्हणाली. "तुले जमते, तू जा. मी कायले येऊ?"

तेव्हाही एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, पाहू. मुलाखतीला ती आलीच नाही. माझी निवड झाली. तिनं पेढे वाटले, माझ्या आईपेक्षा जास्त घरी.

आज ती तिरोड्यात झेरॉक्सचं दुकान सांभाळते. मी हाच विषय शिकवायला लागले हे कळल्यावर तिनं आपली जुनी वही माझ्या हातात दिली. तुझ्या पोरांना कामी येईल म्हणाली.

घरी येऊन उघडली. प्रत्येक गणितावर तिनं लाल रेघ मारलेली, खाली तिच्याच अक्षरात 'चूक'. मी एकूण एक गणित तपासलं. सगळी बरोबर होती.

वही माझ्याच कपाटात आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.