विश्वेश गुरुजींचा पितृदोष

आमच्या त्र्यंबकला माणसं येतात ती मनावरचं ओझं घेऊन. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला झोप नाही. आमचे हे, विश्वेश गुरुजी, तीस वर्षं अशांचे पितर शांत करतायत. आणि त्यांनाच वाटायला लागलं की आपले पितर रागावलेत! काय म्हणावं या माणसाला?

झालं असं. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवेना. दीड तास उन्हात उभे होतो. शेवटी रिवाजाप्रमाणे दर्भाचा कावळा करून शिववला. दुसऱ्या कुणाचा विधी असता तर ह्यांनीच समजूत घातली असती, "अहो, चालतं, शास्त्रात सोय आहे." पण स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत ह्यांना ते चालेना. शेवटच्या आजारपणात हे एकदा त्यांच्यावर ओरडले होते, तेच मनात धरून बसले.

मग माणूस मिटतच गेला. पहाटेच जाग यायची आणि भिंतीकडे बघत बसायचे. आवडीची अळूची भाजी केली तरी दोन घास. मी चिडायची, "तोंड दिलंय ना देवानं? बोला की!" तर म्हणायचे, "बाबा समाधानी नाहीत, कुसुम."

ह्यांचा डायबेटिस दहा वर्षांचा. विधी संपेपर्यंत पोटात काही नाही, दुपारी अडीचला जेवण, वर यजमानांनी आणलेले पेढे. गोळी आठवली तर आठवली. त्यात एक दिवस म्हणाले, "आता कशाला घ्यायची गोळी?"

ह्यांनी स्वतःसाठीच, पितरांच्या शांतीचं त्रिपिंडी श्राद्ध केलं. फरक नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बसले आणि संकल्प सांगताना मध्येच थांबले. स्वतःचं गोत्र आठवेना! हजारो लोकांना गोत्र विचारणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी घाबरले आणि घाबरले की माझं डोकं फिरतं. म्हटलं, "उठा. कपडे बदला. नाशिकला डॉक्टरकडे जायचंय, आत्ताच्या आत्ता."

साखर निघाली तीनशे साठ. डॉक्टर राखी आमच्या मुलीच्या वयाची, पण घाई नाही काही नाही. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का?" हे म्हणाले, "वाटतं, बाबांकडेच जावं आणि माफी मागावी." लग्नाला एकतीस वर्षं झाली, चारचौघांत कधी ह्यांचा हात धरला नव्हता. तेव्हा धरला, घट्ट.

डॉक्टर म्हणाली, "गुरुजी, इन्सुलिन मेंदूतही काम करतं. साखर बरीच वर्षं वरखाली होत राहिली की मन उभारीत ठेवणारी जी रसायनं आहेत, सेरोटोनिन, डोपामिन, त्यांच्या कारभारात गडबड होऊ शकते. उलट मन खचलं की ताणाचं हार्मोन वाढतं आणि साखर आणखी चढते. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही. पण हे दोन आजार एकमेकांना धरून असतात, हे नक्की."

"म्हणजे हे बाबांच्या रागानं नाही?" एवढासा आवाज.

"पितरांचं मला कळत नाही, ते तुमचं क्षेत्र. पण या ओझ्याला आमच्याकडे नाव आहे, डिप्रेशन. आणि औषधही आहे."

हे ओंजळीत तोंड घालून रडले. मीही रडले, मला काय झालं होतं कोण जाणे.

मग मनासाठी गोळी सुरू झाली, साखरेची बदलून दिली, आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं. विधीआधी खायचं म्हटल्यावर हे बिथरले. म्हटलं, "औषधासाठी खाल्लं तर दोष नाही, हे यजमानांना कोण सांगतं? तुम्हीच ना?" गपगुमान खायला लागले. पहिले तीन आठवडे ढिम्म. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." इतका आनंद झाला मला! पेढेच वाटणार होते, पण ते आमच्याकडे आता बंद.

परवा सायखेड्याहून पुंजा नावाचा शेतकरी आला. अंगानं धिप्पाड, पण डोळे खोल गेलेले. म्हणाला, "गुरुजी, जीवाला लय जड वाटतंय. खावं वाटत नाय, झोप नाय. माय गेली तवा मी जवळ नव्हतो. तिचाच कोप हाय ह्यो."

मी दारातच थांबले. आता हे काय सांगणार, मला धास्ती. ह्यांनी पंचांग उघडलंच नाही. पाट सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"विधी करू आपण," म्हणाले. "पण त्याआधी उद्या डॉक्टरकडे जायचं. एकटा जाऊ नकोस, मी येतो. आणि पुंजा, आई रागावलेली नाही रे तुझ्यावर."