इनेझने पाहिलेली बोट

वसईतल्या सांडोर गावच्या सिप्रियनकडे बोटीची चौकशी करायला कुणी आलं की तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा. "ही चप्पल नाही चालणार. डेक ओला असतो, रबरी तळ पाहिजे." मग पुढचं आपोआप सुरू व्हायचं. खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावा कमी. मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. उलटीची गोळी मळमळायला लागल्यावर नाही, बोट सुटण्याआधी घ्या.

२००५ साली मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या प्रवासी बोटीची वसईत बरीच चर्चा होती. सिप्रियनने वीस वर्षं परदेशी क्रूझवर केबिन स्टुअर्ड म्हणून काढलेली. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरल्या होत्या. कंबर गेल्यावर तो कायमचा घरी आला, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. एरवी गावात कुणाशी फारसं न बोलणारा हा माणूस बोटीचा विषय निघाला की न अडखळता बोलायचा. त्याची बायको इनेझ आत केळीच्या फण्या उतरवत ते ऐकत असे.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तिचा धाकटा भाऊ लुईस आला. त्यालाही जायचं होतं.

"भावोजी, तिथे म्हणे दिवसभर खायला घालतात?"

"घालतात. म्हणून आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारायची. सगळं बघायचं, मग ताट उचलायचं. आपली माणसं पहिल्याच टेबलावर भाताचा डोंगर करतात आणि पुढे कोळंबी बघून रडतात."

"आणि ताईला कधी नेणार? अख्खं सांडोर बोटीत चढवलंत, ती बिचारी अजून केळीतच."

सिप्रियन हसला नाही. "तिला बोट लागेल," तो म्हणाला.

"मला काही लागत नाही," इनेझ आतून म्हणाली. "वीस वर्षं नवरा लागला नाही, बोट काय लागते!"

लुईस खो खो हसला. सिप्रियन पुन्हा चपलांवर आला.

इनेझला बोटीची हौस नव्हती. लग्न झालं १९८१ च्या जानेवारीत आणि दोन वर्षांनी सिप्रियन समुद्रावर गेला. त्यानंतर वर्षातले दोन-अडीच महिने तो घरी, बाकी बोटीवर. वाडी तिने सांभाळली. विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं, पानवेली काढून टाकाव्या लागल्या, तेव्हा निर्णय तिनेच घेतले. सासरे गेले तेव्हा तो इटलीजवळ कुठेतरी होता; त्याला निरोप मिळेपर्यंत इकडे महिन्याची मिस्सा होऊन गेली होती. मुलगी सालोमी लहानपणी बापाला 'बोटीचे काका' म्हणायची. घरात सगळे हसायचे. इनेझही हसायची.

आता तो घरी होता, पण घरात नव्हता. स्वतःच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायचा. पलंगाच्या अगदी कडेला, अंग आकसून झोपायचा. विचारलं तर नीट उत्तर द्यायचा, आपणहून काही सांगायचा नाही. इनेझने याचा एक अर्थ लावला होता आणि तो कुणाला बोलून दाखवला नव्हता. तिचा नवरा मागे बोटीवरच राहिला होता. बार्सिलोना, व्हेनिस, अथेन्स अशा गावांची चित्रकार्डं पाठवणारा, तिथल्या गल्ल्यांतून हिंडणारा, कुणाशी तरी मोकळं हसणारा एक सिप्रियन असणार. त्याला एकदा भेटायचं, एवढंच तिला हवं होतं. तो बोटीवर भेटेल असं तिला वाटत होतं.

लग्नाच्या पंचविशीला सालोमीने, ती तेव्हा मालाडच्या कॉल सेंटरला होती, दोघांची तिकिटं काढून आणली. सिप्रियनने ती उलटसुलट पाहिली. "खोली मधोमध आहे," एवढंच म्हणाला.

बोटीवर चढताच इनेझला त्याच्यातला फरक जाणवला. पाठ ताठ झाली, पावलं हलकी पडू लागली. जिने, दारं, वळणं त्याला विचारावी लागत नव्हती. ही बोट त्याने आधी कधी पाहिली नव्हती तरीही. इनेझला बरं वाटलं. पण अरुंद बोळातून समोरून एक गुजराती कुटुंब आलं, आणि सिप्रियन भिंतीला चिकटून उभा राहिला. हात मागे, नजर खाली. पोरंटोरं सगळी निघून जाईपर्यंत तो हलला नाही.

"अरे, आपणपण तिकीट काढलंय," इनेझ म्हणाली.

"सवय," तो म्हणाला.

जेवायला त्याने तिची खुर्ची ओढून दिली, रुमाल मांडीवर पसरून दिला, पाण्याचा पेला अर्धा होताच भरला. स्वतः खुर्चीच्या टोकावर बसला आणि वाढणारा जवळ आला की अर्धवट उठायचा.

"बस ना रे नीट. इंगळ्या डसतात का खुर्चीत?"

"तू जेव. मासा गरम आहे तोवर घे."

"तुझं काय?"

"माझं होईल."

ती त्याच्या बोटीवरच्या दिवसांबद्दल बोलायला बघत होती. पहिल्यांदा बोटीवर गेलास तेव्हा घाबरला होतास का? मित्र कोण होते? तो प्रत्येक प्रश्नाचं थोडक्यात आणि नम्रपणे उत्तर देई आणि मग विचारी, आणखी काही हवंय का. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सापडेना म्हणून तिने आतून हाक मारली. बाहेरून उत्तर आलं, "येस मॅडम."

इनेझने नळ तसाच सोडला आणि गार पाण्याने आंघोळ केली.

लक्षद्वीपच्या बेटापाशी बोट दूर समुद्रातच नांगरली. किनाऱ्यावर लहान होड्यांतून जायचं होतं. सिप्रियनने तिची पिशवी भरली: पाणी, टोपी, सुकी केळी, खोलीचं कार्ड. तिचं घड्याळ बोटीच्या घड्याळाशी जुळवून दिलं. "बेटावर कुणी काहीही वेळ सांगितली तरी ही वेळ धरायची. शेवटच्या होडीसाठी थांबायचं नाही, तिला गर्दी होते आणि लाटा वाढलेल्या असतात. चढताना खलाशाचा पंजा नाही, मनगट धरायचं. पोवळ्यावर अनवाणी पाय ठेवायचा नाही."

"हे सगळं मला कशाला सांगतोस? तू आहेस ना बरोबर?"

तो होडीत उतरायच्या दाराशी थबकला होता. मागचे लोक खोळंबले.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

"कंबर दुखते?"

"नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "चलो ना, अंकल." सिप्रियन लगेच बाजूला झाला. "सॉरी, सर," म्हणाला आणि वाट करून दिली. त्या गर्दीत इनेझ होडीत ढकलली गेली. वळून पाहिलं तेव्हा तो उतरणाऱ्या प्रत्येकाला कोपराशी आधार देत होता.

बेटावर पाणी हिरवं होतं आणि तळ दिसत होता. जोडपी फोटो काढत होती. इनेझने माडाखाली बसून केळी खाल्ली. एका बाईने विचारलं, "मिस्टर नाही आले?" "त्यांनी पाहिलंय सगळं," ती म्हणाली. पहिल्या परतीच्या होडीतूनच ती माघारी आली. खलाशाचं मनगट धरून चढली.

सिप्रियन खोलीत खुर्चीवर बसला होता. तिने दार लावलं.

"व्हेनिसला तू काय बघितलंस?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"कार्ड पाठवलं होतंस. पाण्यातलं गाव. काय बघितलंस तिथे?"

"पहिल्या पुलाजवळ कॉफी महाग मिळते, आतल्या गल्लीत जा. चौकात पाणी भरतं, बूट न्या. असं प्रवाशांना सांगायचो."

"बघितलंस काय?"

"प्रवासी उतरले की खोल्या रिकाम्या होतात, इनेझ. आमचं काम तेव्हाच. चादरी, न्हाणीघरं. ते परत येईपर्यंत सगळं जागच्या जागी. कधी अर्धा दिवस सुटी मिळायची, तेव्हा झोपायचो." मग म्हणाला, "कार्डं बोटीवरच्याच दुकानात मिळायची."

"एकदाही उतरला नाहीस?"

"फोन करायला उतरायचो. धक्क्यावर बूथ असायचा. रांग असायची. तुला फोन केला की परत."

ते फोन इनेझला आठवत होते. शेजारच्यांकडे यायचे. ती धावत जायची आणि विहिरीच्या पंपाबद्दल बोलायची.

"मग आज का नाही उतरलास?"

"उतरून करायचं काय, ते मला माहीत नाही," सिप्रियन म्हणाला. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. खोलीत गरम पाणी येत नाही, असं सांगावं तसं सांगितलं.

गोव्याला बोट धक्क्यालाच लागली. नाश्ता होताच प्रवासी बसमधून निघून गेले. सिप्रियनने पुन्हा तिची पिशवी भरायला घेतली.

"राहू दे," इनेझ म्हणाली. "मी नाही जात."

"गोवा आहे. जुनी देवळं आहेत. सावलीची बाजू सकाळी..."

"बोटीवर तू काय करायचास ते दाखव मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बोट शांत झाली होती. बोळातून गाड्यांची चाकं, बादल्यांचा आवाज ऐकू येत होता. त्याने दाराबाहेर पाटी अडकवली, कुणी साफसफाईला येऊ नये म्हणून. मग बाह्या वर केल्या आणि पलंगावरची चादर एका झटक्यात ओढून काढली. तीन वर्षांत तिने त्याला इतकं भरभर काही करताना पाहिलं नव्हतं. तो बोलूही लागला. एका म्हाताऱ्या बाईने नवऱ्याचे दात खोलीत विसरून ठेवले होते, त्याची गोष्ट. वडील गेल्याचा निरोप आला त्या संध्याकाळची गोष्ट; उरलेल्या खोल्या त्याने संपवल्या होत्या, कारण बदली माणूस नव्हता. चादर झटकत, तिच्याकडे न बघता, तो सांगत होता.

इनेझने चादरीचं दुसरं टोक धरलं. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. दोघांनी चादर पसरली, तिने आपली बाजू गादीखाली खोचली, घरी खोचते तशी.

सिप्रियन पलंगाला वळसा घालून तिच्या बाजूला आला. "सैल आहे," म्हणाला, आणि तिची बाजू उपसून त्याने पुन्हा घातली, कोपरा दुमडून, ताठ. गोष्ट मध्येच थांबली होती. ती पुढे सुरू होईल म्हणून इनेझ उभी राहिली.

"झालं, मॅडम," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं नाही.

इनेझ खुर्चीवर जाऊन बसली. तो न्हाणीघर पुसायला लागला. खिडकीतून धक्का दिसत होता आणि धक्क्यावर बस गेल्यावर उरलेली रिकामी जागा.