काडीच्या मापाची मोटरसायकल

डोंगरावरच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून शहरातल्या तपासणी केंद्रात आणायचं काम वर्षानुवर्षं पैलवान करत होता. दाराची चौकट भरून टाकणारा गडी. तो अँब्युलन्सवर चालक म्हणून गेला आणि त्याची मोटरसायकल केंद्रातल्या एका तरुणीच्या हाती आली. ही म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "पैलवान गेला, काडीपैलवान आली!" तेव्हापासून ती काडी झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. डोंगराची फेरी तिने मागून घेतली होती आणि ती मिळाली होती, एवढं तिला पुरे होतं.

पण गाडी ऐकेना. खडकाळ उतारावर मागचं चाक खेचरासारखं लाथा झाडायचं. खड्डा आला की काडी सीटवरून हातभर वर, आणि मागच्या पेटीत नळ्यांचा खडखडाट. तिची हाडं खिळखिळी झाली ते एक वेळ चाललं असतं. पण नमुने बिघडू लागले. फार हादरे बसले की रक्तातल्या पेशी फुटतात, वरचं पिवळं पाणी लाल होतं, आणि पेशंटला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

"ताई, आजचेही लाल आलेत," तपासनीस नळी उजेडात धरून म्हणाला. भला माणूस, त्यालाच सांगताना कसंतरी होत होतं.

"उद्या हळू चालवते."

हळू चालवूनही हादरे बसायचे ते बसलेच, वर उशीर झाला. केंद्राच्या प्रमुखबाईंनी बोलावून घेतलं. "असंच चाललं तर डोंगर दुसऱ्याला द्यावा लागेल. तू शहरातली फेरी घे, सोपी आहे."

"मला सोपी नकोय, बाई. थोडे दिवस द्या."

सुट्टीच्या दिवशी गाडी धुताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती सीटवर बसली तरी गाडी मागून जराही दबत नव्हती. जणू कुणी बसलंच नाही! तिने तडक पैलवानाला फोन लावला.

"दादा, मागची स्प्रिंग तुम्ही घट्ट करून घेतली होती का?"

"शेवटच्या खाचेपर्यंत! नाहीतर माझ्या वजनाने गाडीने बसकणच मारली असती की." मग तो एकदम थांबला. "अरेच्चा! आणि तू त्याच्यावरच फिरतेयस?"

मागच्या शॉकअपच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा. आकड्याच्या पान्याने ते फिरवलं की स्प्रिंग आवळते किंवा सैलावते. पान्याला लोंबकळून काडीने दोन्ही बाजूंची कडी पार खालच्या खाचेवर आणली. दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना गाडी अशी पळाली, की तिला हसू आवरेना. पण परतताना पेटी भरलेली होती. पहिल्याच गतिरोधकावर सैल स्प्रिंग धाडकन बुडाला टेकली आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

घरी सासूबाई शिलाईमशीनवर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"माप कुणाचं धरलंस?"

"माझं."

"आणि गाडीमागच्या पेटीचं? अगं, पोटुशी बाईचा ब्लाऊज कुणी आधीच्या मापाने शिवतं का? ऊठ, आण ती पेटी."

काडीने पेटीत बर्फाच्या पिशव्या आणि नळ्यांच्या वजनाइतक्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, हेल्मेट-बूट चढवले आणि भिंतीला टेकून ती गाडीवर बसली. सासूबाई टेप घेऊन चाकाशी उकिडव्या. खडूची एक खूण सीटखाली, तिथपासून चाकाच्या आसापर्यंत माप. आधी रिकाम्या गाडीचं, मग भरलेल्या गाडीचं.

"जास्तच दबतेय. चढव एक खाच. हं, बस आता. हलू नकोस म्हटलं ना! अजून एक." शेवटी त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता बसली अंगासरशी."

आणि बसली ती बसलीच. त्या आठवड्यात एकही नमुना लाल झाला नाही. तरी खरी परीक्षा नंतरच झाली. सगळ्यात उंचावरच्या दवाखान्यात नर्सने एक इवलीशी नळी तिच्या हातात ठेवली. "तान्ह्या बाळाचं आहे. शीर सापडता सापडत नव्हती, पुन्हा टोचवणार नाही माझ्याच्याने. सांभाळून ने, बाई."

काडीने गाडी काढली. खडी आली, ओढ्यातले गोटे आले, उखडलेला डांबरी रस्ता आला. चाक खड्ड्यात उतरायचं, वर यायचं, आणि सीट मात्र जागच्या जागी. ती कुठे रेंगाळली नाही, कुठे घाबरली नाही.

तपासनिसाने नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली. खिडकीशी गेला. काडी त्याच्या मागोमाग गेली.

"सोनं आहे सोनं!" तो ओरडला. वरचं पाणी स्वच्छ पिवळं चमकत होतं. दुपारी आजाराचं निदान फोनवरून वरच्या दवाखान्यात कळवलं, संध्याकाळच्या आत बाळाला योग्य औषध सुरू झालं. आठवड्याभरात बाळ दूध ओढायला लागल्याचं नर्सने कळवलं, तेव्हा केंद्रातल्या यच्चयावत माणसांनी टाळ्या पिटल्या.

प्रमुखबाईंनी तिला आत बोलावलं. खिंडीपलीकडे एक दवाखाना होता, तिथल्या वाटेचं आजवर कुणी नाव काढत नव्हतं.

"जमेल तुला?"

"उद्यापासून जाऊ," काडीने हेल्मेट उचलत विचारलं, "की आत्ताच निघू?"