बुवांच्या आवाजाची दुसरी प्रत

"दारावर कोण आलंय ते विचारलं म्हणून पाहुण्याचा अपमान होत नाही," असं दर्शना परब एकदा आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत म्हणाल्या, आणि सभा हसली.

मंडळाची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. गावाहून येऊन गिरणीत लागलेली एकटी माणसं कधीकाळी इथे पथाऱ्या टाकून झोपत. आता तिथे ग्रामदेवतेची तसबीर, पखवाज, पेटी आणि एक कॉम्प्युटर आहे. आमच्याकडे आलेली पत्रिका न उघडता ठेवत नाहीत. आधी देवासमोर धरायची, मग उघडून मोठ्याने वाचायची. पत्रिका मेलवर यायला लागल्या तरी सचिव राजेश घाडी हात धुऊन, तसबिरीला नमस्कार करूनच माउसला हात लावायचा.

दर्शनाताईंनी सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवण्यात घालवली. तिथे ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकाच्या नावाने आलेल्या एका मेलने सगळी मशीनं बंद पाडली होती. पत्रिका मिळणार नाहीत हे कळल्यावर काउंटरला धरून उभी राहिलेली एका नवरीची आई त्यांच्या डोळ्यांपुढून गेली नाही. तेव्हापासून मेल ओळखीच्या माणसाची असली, तरी तिला काही जोडलेलं दिसलं की त्या आधी फोन करत: तूच पाठवलंस ना? आणि दर शनिवारी देवासमोर नारळ फुटला की पर्समधून एक छोटी डिस्क काढून कॉम्प्युटरला लावत, सगळ्याची प्रत घेत आणि डिस्क परळला घरी नेत.

"डिस्क देवाक दाखवून नेतस काय गो ताय?" राजेश विचारायचा.

"नेते. तुझ्यापेक्षा वेळेवर येते ती."

"मग हयच लावून ठेव ना. दर शनवारची कटकट गेली."

"लावून ठेवली तर हा आजारी पडला की ती पण पडेल. एका ताटात जेवणार ना दोघं."

त्या कॉम्प्युटरमध्ये कुशाबाबुवा होते. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाला घाम फोडणारे आमचे भजनीबुवा. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जुन्या कॅसेटींना बुरशी धरण्याआधी दर्शनाताईंनी त्यातले भजनाचे गजर कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. बुवांची नात आकांक्षा ते ऐकून शिकत होती. बुवा तिला गाऊन दाखवू शकत नव्हते. त्यांच्या घराण्याची चाल एवढीच उरली होती, त्या यंत्रात.

गणपतीआधी मेल आली, आमच्याच मंडळातल्या जगनच्या नावाने. मुलीच्या साखरपुड्याचं आग्रहाचं आमंत्रण. राजेशने नमस्कार केला, उघडलं. पत्रिका दिसण्यासाठी कॉम्प्युटरने काहीतरी बसवायची परवानगी मागितली, ती त्याने दिली. थोड्या वेळाने एकही गजर उघडेना. पडद्यावर इंग्रजीत पैसे मागणारा मजकूर तेवढा आला.

दर्शनाताईंनी फोनवर सांगितलं, "नेटची वायर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस." मग आल्या.

"जगनला विचारलंस?"

"पत्रिका ती. उघडूची नाय तर काय, देवासमोर कुजवूची?"

"जगनची मुलगी सातवीत आहे रे."

राजेश खाली बसला.

जगनला काहीच ठाऊक नव्हतं. त्याची मेल कुणीतरी ताब्यात घेऊन ओळखीच्या सगळ्यांना तेच आमंत्रण धाडलं होतं. दर्शनाताईंनी प्रत्येकाला फोन करून उघडू नका म्हणून सांगितलं. डिस्क मात्र पर्समध्येच ठेवली. दुरुस्तीवाल्या निमेशने मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं करीपर्यंत ती त्यांनी बाहेर काढली नाही. बुवा रोज जिना चढून येत, खुर्चीत बसत. स्वतःच्या गळ्याकडे बोट करत, मग काळ्या पडद्याकडे. "बघू या, बुवा," एवढंच त्या म्हणत. जुनी डिस्क. तिने कधी दगा दिला नव्हता, पण तिच्यावर अशी वेळही कधी आली नव्हती.

मशीन तयार झालं. डिस्क लावली. आत काहीतरी बारीक फिरत राहिलं. आम्ही मशीनभोवती गोळा झालो.

मग बुवांचा आवाज आला. वीस वर्षांपूर्वीचा, जाड, मस्तीत असलेला. खुर्चीतल्या बुवांचे ओठ हलले. गाणं मात्र तिकडून येत होतं. आकांक्षाने पेटी ओढली, सूर शोधला, गजर धरला. बुवांनी मांडीवर ताल दिला. एका जागेवर ती घसरली. त्यांनी हात वर केला. दर्शनाताईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिला तो बरोबर जमला.

आभार मानल्याशिवाय आमच्याकडे काही संपत नाही. राजेश उभा राहिला, घसा खाकरला. बुवांनी त्याला हातानेच बसवलं. मग ते स्वतः उठले आणि दर्शनाताईंपुढे हात जोडून उभे राहिले, बराच वेळ.

दर्शनाताईंनी तेवढाच वेळ हात जोडले. प्रत पूर्ण उतरल्याची खात्री केली, डिस्क काढून पर्समध्ये टाकली. दाराबाहेर चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेल्या.