डाव्या कानातली शिट्टी

"पळगिडुम, मॅडम," कानाचे डॉक्टर पेनाला टोपण लावता लावता म्हणाले. म्हणजे सवय होईल. चेन्नईत आल्यापासून हा शब्द मी उकाड्याबद्दल ऐकला, खाऱ्या पाण्याबद्दल ऐकला, आणि दोन्हींची सवय मुकाट्याने करून घेतली. पण डाव्या कानात अहोरात्र वाजणाऱ्या शिट्टीचीही सवय करून घ्यायची? "नाही होणार, डॉक्टर," मी म्हणाले. ते हसले. मी हसले नाही.

कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ बारीक सूं करते ना, तसा तो आवाज. फरक इतकाच, की इथे शिट्टीही होत नाही आणि गॅसही बंद करता येत नाही. एका सकाळी उठले तेव्हा तो होता. नवऱ्याला विचारलं, "कुठे काय वाजतंय?" त्याने बिचाऱ्याने फ्रिज बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, मग पंखाही बंद केला. पंखा बंद झाल्यावर मला तो आणखीच मोठा ऐकू आला आणि मी घाबरले.

कारण माझी भाकरी कानावर आहे. मी मूळची कोल्हापूरकडची, मेटलर्जीचा डिप्लोमा केलेली. नवऱ्याची रेल्वेत इकडे बदली झाली तेव्हा चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीत, लोखंडाचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत लागले. ओतलेले पीस थंड होऊन, साफ होऊन माझ्या बेंचवर येतात. लाकडी ठोकळ्यावर पीस ठेवायचा आणि छोट्या हातोडीने ठोकायचं. चांगला पीस खणखणीत वाजतो आणि त्याचा नाद लांबतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, त्यातलाच प्रकार. सुरुवातीला मला इथे कागदांच्या टेबलावर बसवलं होतं, कारण बाईमाणसाला हातोडी कशाला. तो बेंच मी भांडून मिळवला होता.

मग उपाय सुरू झाले. सासूबाईंनी फोनवरून लसणीचं तेल सांगितलं. शेजारच्या मामींनी तिळाचं तेल कोमट करून स्वतः कानात घातलं आणि वर "कादुल सत्तम"वर, म्हणजे कानातल्या आवाजावर, त्यांच्या माहेरी हेच करतात असं बजावलं. दोन्ही तेलांनी उशीचे अभ्रे तेवढे खराब झाले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची, पण ती नेमकी कामावर. फोनवर धबधब्याचा आवाज लावून बघितला, तर धबधबा आणि शिट्टी दोन्ही ऐकू यायला लागले. आईने समजूत घातली, "अगं, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं." मी म्हटलं, "आई, माझी मुंगी अजून घरातून निघालेलीच नाही."

खरा आराम एकाच जागी मिळायचा. रविवारी संध्याकाळी मरिना बीचवर पाण्याच्या अगदी जवळ जाऊन बसलं, की लाटांच्या आवाजात शिट्टी बुडून जायची. नवरा उकडलेल्या चण्यांचं सुंडल आणायचा आणि आम्ही न बोलता खात बसायचो. उठून रस्त्याशी आलो की ती परत हजर. मला तेव्हा रडू यायचं, आणि रडू आल्याचा संतापही.

अशात कारखान्याची वार्षिक कानतपासणी आली. एका बंद खोपटात बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. दार लागल्यावर आत इतकी शांतता झाली, की माझी शिट्टी एकदम अंगावर आली. मी बटण दाबलं. पुन्हा वाजली, पुन्हा दाबलं. वाजतच राहिली, मी दाबतच राहिले. तेवढ्यात तपासनीस मुलीने दार उघडलं. "मॅडम, इन्नुम आरंबिक्कवे इल्ल!" अजून मी सुरूच केलेलं नाही, असं ती म्हणत होती. आम्ही दोघी हसलो. पण पुढच्या खऱ्या तपासणीतही मी कशावर बटण दाबत होते ते माझं मलाच कळेना, आणि तिने प्रामाणिकपणे कळवून टाकलं, की यांच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. उलट चांगुलपणानेच म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोमवारपासून पुन्हा ऑफिसात बसा. एसी आहे, आराम मिळेल. गाड्यांच्या ब्रेकचे पीस आहेत, एखादी चीर सुटली तर चालणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सार, मशीनवर तपासलेले पीस मागवा. चांगले-वाईट एकत्र करा. मला कुठला कसा ते सांगू नका. एक जरी चीर माझ्या हातून सुटली, तर मी स्वतः उचलून खुर्ची ऑफिसात नेते." बोलून गेले आणि मग घाबरले. कानातली शिट्टीही वाढली. घाबरलं की ती वाढते, हे मला ठाऊक होतं.

मॅनेजर मशीनच्या निकालांची यादी घेऊन माझ्यामागे उभे राहिले. पहिला पीस ठोकला. खणखणीत. चांगला. दुसरा, तिसरा. चौथा ठोकताच बद्द वाजला. तो मी बाजूला ठेवला. एका पिसावर माझा कान अडकला. पुन्हा ठोकला, डोळे मिटून ऐकला आणि सरळ सांगितलं, "हा मला नक्की सांगता येत नाही. परत मशीनवर पाठवा." खोटी ऐट आणली असती तर तिथेच संपले असते. असं करत टेबल रिकामं झालं.

मॅनेजरनी यादी वरून खालपर्यंत वाचली. बाजूला काढलेल्या पिसांवरचे खडूचे नंबर वाकून यादीशी ताडून बघितले. चिरलेला एकही सुटला नव्हता. मग विचारलं, "आत्ताही कानात वाजतंय?"

"वाजतंय, सार."

"मग यातलं लोखंडाचं कुठलं आणि तुमचं कुठलं, हे कसं कळतं?"

"लोखंडाचं थांबतं, सार. माझं थांबत नाही."

यादीची घडी करून खिशात घालत मॅनेजर म्हणाले, "सरि, ठीक आहे. लंचनंतरचा लॉट इकडेच पाठवायला सांगतो."

"लंचनंतर कशाला?" मी म्हटलं. "आत्ताच पाठवा."