मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं

"जोगळेकर बाई, आता सुरू करा," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी सुरू केलंच होतं. तीनदा.

वर्गाच्या मागच्या बाकांवर आमच्या संस्थेच्या इतर शाळांतून आलेल्या सहा शिक्षिका वह्या उघडून बसल्या होत्या. दुसरीच्या मुलांचे बाक ते, त्यामुळे प्रत्येकीचे गुडघे हनुवटीला. मधोमध संस्थेचे सेक्रेटरी. मधली सुट्टी संपल्यावर आमची दुसरी ब इतकी शांत कशी बसते, हे बघायला ही सगळी मंडळी जमली होती. आणि दुसरी ब मध्ये त्या क्षणी ओंकार बाकाखाली होता, दोघं जण पाण्याच्या बाटलीवरून एकमेकांना ढकलत होते, कुणीतरी डब्याचं झाकण बडवत होतं आणि एक मुलगी गळा काढून सांगत होती, "बाई, याने माझ्या पोळीवर पाय दिला!"

मी फळ्यापाशी उभी राहून म्हणत होते, "डोळे मिटा. लांब श्वास घ्या."

कोण घेतंय!

ज्यांनी कधी लहान मुलांना शिकवलेलं नाही, त्यांना सांगते. प्राथमिक शाळेत दिवसातली सगळ्यात अवघड वेळ सकाळची नसते. मुलं डबा खातात, मैदानावर उधळतात, पावणेदोनची घंटा झाली की घामेजलेली, अर्धवट जेवलेली, भांडून आलेली अशी वर्गात शिरतात. पुढची पंधरा मिनिटं पाढे शिकवा नाहीतर कविता म्हणा, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आमच्याकडे यावर पिढीजात उपाय एकच, 'हाताची घडी, तोंडावर बोट.' तो दीड मिनिट टिकतो.

माझ्या वर्गात मात्र दोन वर्षं ही कटकट नव्हती. घंटेनंतर दहा मिनिटांत मुलं निवलेली असायची. मग मी म्हणायचे, डोळे मिटा, श्वास घ्या, खिडकीबाहेरचे आवाज ऐका. ती ऐकायची. त्यानंतर एक छोटी गोष्ट, आणि गणित सुरू. शेजारच्या वर्गातून बाईंचा आवाज भिंत फोडून येत असताना आमच्याकडे पेन्सिलींची कुरकुर तेवढी. मला वाटायचं, हे माझं कसब.

शाळा हडपसरच्या पुढे, मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी स्वारगेटहून बस धरून जायचे. सुरुवातीला खिडकीतून ऊस दिसायचा, नंतर नंतर उसाच्या जागी सोसायट्या दिसायला लागल्या. त्यांच्याबरोबर नवे पालक आले, आयटीतले. त्यांतल्या एक जण पालकसभेत म्हणाल्या, "टीचर, तुमची प्रोसेस खूप मस्त आहे. डॉक्युमेंट करा ना!" मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुरलं. मी चार्टपेपर आणला, ठळक अक्षरांत 'शांत दुपार: पाच पायऱ्या' लिहिलं, लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका कांबळे बाईंनी, तो सेक्रेटरींना दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, सगळ्या शाळांत सुरू करू, आधी डेमो ठेवा. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव पाठवायचंही ठरलं.

तर तो हा डेमो.

वीस मिनिटांनी सेक्रेटरी उठले. कपडे झटकत म्हणाले, "तक्ता छान आहे."

पुण्यात जन्म गेलाय माझा. एवढ्या शब्दांत काय काय म्हटलं जातं ते मला कळतं.

"पाहुणे बघून मुलं बिथरली," मोठ्या बाईंनी सावरून घेतलं. "पुढच्या सोमवारी पुन्हा बघू या."

मीही तीच समजूत करून घेतली. पण मंगळवारी पाहुणे नव्हते आणि तरी तोच गोंधळ. बुधवारी त्याहून जास्त. मी ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा पट्टी टेबलावर आपटली. मुलं गप्प झाली, पण ती घाबरून. माझं मलाच वाईट वाटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मृण्मयी हळूच म्हणाली, "बाई, पाय वर कधी करायचे?"

"कसले पाय?"

"मावशी झाडायला आल्या की करतो ना, ते. मावशी येतच नाहीत आता."

मी पट्टी खाली ठेवली.

हौसामावशी आमच्या तळमजल्याच्या तीन वर्गांची झाडलोट करायच्या. राहायला मांजरीत. चौदा वर्षं शाळेत, पण कायम म्हणून कागद कधी मिळाला नव्हता. त्यांनी सुट्टी चालू असतानाच तिन्ही वर्ग झाडून काढायचे, असा नियम. पण नळापाशी मुलांची झुंबड असायची, तिथे त्या उभ्या राहायच्या. त्यामुळे दोन वर्ग व्हायचे आणि माझा, कोपऱ्यातला, घंटेनंतरवर जायचा. मी एकदा त्यांना सुनावलंही होतं, "मावशी, जरा लवकर येत चला. आमचा तास सुरू होतो."

त्याच सोमवारपासून संस्थेने साफसफाई कंत्राटावर दिली होती. 'हाउसकीपिंग' हा शब्द तेव्हा नवीन होता. निळ्या युनिफॉर्मची माणसं शाळा सुटल्यावर यायची आणि मशीनने सगळं चकाचक करून जायची. बाकीच्या दोघी मावशी तरुण होत्या, त्यांना कंत्राटदाराने घेतलं. हौसामावशींचं वय त्याला चाललं नाही. महिनाअखेर त्यांचं काम सुटणार होतं. तोवर त्यांना गेटपाशी स्टुलावर बसवलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. अरेरे म्हणून झालंही होतं. पण माझ्या वर्गाशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गेटवर गेले.

"मावशी, तुम्ही आमच्या वर्गात रोज काय करायचात?"

त्या स्टुलावरून उठल्या. "काय करनार बाई? झाडत व्हते."

"एवढ्याशा वर्गाला दहा मिनिटं?"

"सावकाश झाडलं की धूळ उडत न्हाई. आन् मी सावकाश झाडलं की पोरंबी सावकाश हुत्यात." मग त्यांना बोलायला हुरूप आला. "जेवल्यावं मानूस जरा टेकतंय का न्हाई? तुमीबी टेकता. पोरांनाच का हो लगेच पाडं? पाय वर घिऊन मांडी घालून बसलं, की पळायचं इसरतंय पोरगं. खिडकीकडनं सुरू करायचं, दाराशी संपवायचं. कुनी डबा खाल्ला न्हाई, ते खाली सांडल्यालं बघून कळतंय. त्येला हळूच इचारायचं. भांडल्याली असली तर दोगांना मिळून शितं वेचाया लावायची."

"आणि खोडरबर, पेन्सिली?"

"त्या वट्यात घ्यायच्या. शेवटाला एकएक वर धरायची. ज्याची आसंल त्येनं हात वर करायचा, बोलायचं न्हाई. बोललं की वस्तू माझ्या वट्यात परत."

दोन वर्षं हे सगळं माझ्यापासून चार हातांवर चाललं होतं. मी काय करत होते? टेबलाशी बसून दुपारची हजेरी भरत होते. झाडणाऱ्या बाईकडे काय बघायचं, म्हणून मान खाली. त्या बाहेर गेल्या की मी उठायचे आणि शांत झालेल्या मुलांना शांत व्हायला सांगायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नागोबाने वर चार्टही लावला होता.

"मावशी, तो तक्ता पाहिलात तुम्ही?" मला विचारल्यावाचून राहवेना.

"पायला की. पोरीकडनं वाचून घेतला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "लई ग्वाड लिवलंय. झाडनं तेवढं न्हाई त्यात."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की दोन बस सोडल्या तरी मी स्टॉपवरच उभी.

सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. "बाई, त्या तक्त्यातलं काही खरं नाही."

"म्हणजे? कुठून उतरवलाय?"

"लिहिलाय मीच. वर्ग शांत करतात त्या हौसामावशी." आणि मी सगळं सांगितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे तुम्ही सेक्रेटरींसमोर म्हणाल?"

"म्हणेन. सोमवारचा पाठ मावशी घेतील. मी नेहमीसारखी हजेरी भरीन. आणि तो पुरस्काराचा फॉर्म परत मागवा."

"पाठवलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या सोमवारनंतर मलाही जरा शंका आली होती."

मावशींना तयार करणं त्याहून अवघड गेलं. "सायबासमूर झाडू? न्हाई बाई. मला काय जमायचं न्हाई." मी म्हटलं, मावशी, तुमचं काम टिकायचं असेल तर साहेबांनी ते बघायला हवं. सांगून कुणाला पटणार नाही. मला स्वतःला दोन वर्षांत पटलं नव्हतं. मग त्या कशाबशा हो म्हणाल्या.

सोमवारी तीच मंडळी, तेच बाक. घंटा झाली, मुलं उधळत आत आली. मी टेबलाशी बसले. हजेरी उघडली. मावशी दारात आल्या आणि सेक्रेटरींना बघून तिथेच थबकल्या. पाय काही आत पडेना. गेलं सगळं, असं मला वाटलं. इतक्यात बाकाखालून ओंकारचा आवाज आला, "ए, मावशी आल्या! पाय वर!" आणि चाळीस मुलांनी एकदम पाय वर घेऊन मांडी ठोकली. तोही बाकाखालून निघून जागेवर बसला.

मावशी खिडकीपासून सुरू झाल्या. सप्, सप्. एका मुलाशी थांबल्या, काहीतरी पुटपुटल्या, त्याने उरलेली पोळी डब्यातून काढून खायला घेतली. दोघांना खाली उतरवून शितं वेचायला लावली. आवाज उतरत उतरत कुजबुजीवर आला, मग तीही थांबली. मी पहिल्यांदाच हे डोळे भरून बघत होते. हजेरी तशीच राहिली.

झाडत झाडत त्या मागच्या बाकांशी पोचल्या. सेक्रेटरी टिपणं काढत होते.

"सायेब, पाय."

सेक्रेटरींनी वर पाहिलं. शेजारच्या सहाही शिक्षिकांनी निमूट पाय वर घेतले होते. मग सेक्रेटरींनीही बूट काढले आणि त्या चिमुकल्या बाकावर कशीबशी मांडी घातली. एक मूलही हसलं नाही. मुलांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी मावशी टेबलापाशी आल्या. ओट्यातून एक खोडरबर वर धरला. हात वर. पेन्सिल. हात वर. मग एक भारीतलं पेन. थोडा वेळ गेला, आणि मागून सेक्रेटरींचा हात वर झाला. तोंडातून चकार शब्द नाही.

मावशी बाहेर गेल्यावर मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तक्त्यातल्या पाचही पायऱ्या याच्यानंतरच्या आहेत, आणि मावशींशिवाय त्या चालत नाहीत. गेल्या सोमवारी तुम्ही पाहिलंच आहे.

"पण हे कंत्राटात बसत नाही," सेक्रेटरी बूट घालता घालता म्हणाले.

"मग कंत्राटाच्या बाहेर बसवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखी हवं असेल तर आज देते."

लेखी दिलं. त्यावर कार्यालयाने पंधरा दिवस घेतले, तेवढे ते घेतातच. मशीन जिने, कॉरिडॉर आणि ऑफिससाठी राहिलं. तळमजल्याचे तीन वर्ग हौसामावशींकडे आले, तेही मधल्या सुट्टीनंतर, मुलं आत असताना. त्यासाठी तिन्ही वर्गांची सुट्टी दहा-दहा मिनिटांच्या फरकाने संपू लागली. वेळापत्रकात तसं छापलं. आणि चौदा वर्षांनी मावशींना नेमणुकीचा कागद मिळाला. तो त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा सावकाश.

दुसऱ्या दिवशी मावशी रजेवर. कागद दाखवायला बहिणीकडे लोणी काळभोरला गेल्या होत्या. पावणेदोन झाले, मुलं आत आली, पाय वर घेऊन बसली आणि दाराकडे बघू लागली. मी पदर खोचला, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दारापासून सुरुवात केली.

"बाई, खिडकीकडून," मृण्मयी म्हणाली.

गेले खिडकीकडे. "बाई, हळू. धूळ उडतीय." हळू केलं. "बाई, त्या कोपऱ्यात राहिलं." वीस मिनिटं लागली, कमरेचा काटा ढिला झाला, आणि ओट्यात गोळा केलेल्या पेन्सिली वाटेत दोनदा सांडल्या. नोकरीच्या एवढ्या वर्षांत किती तरी साहेब माझे पाठ तपासून गेले असतील, पण इतकं बारकाईने कुणी बघितलं नव्हतं. शेवटी ओंकारला माझी दया आली.

"बाई, राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही बसा. उद्या मावशी येणारेत."

मी बसले. ज्याला काम कळतं त्याने सांगितलं की ऐकावं, एवढी अक्कल मला तोवर आली होती.